उजव्या मागच्या चाकाचा आतलाच पॅड का संपला?

पत्र: आमची एसयूव्ही जर्मन आहे. डिझेल, ऑटोमॅटिक, फोर व्हील ड्राइव्ह, वजन २,४०० किलो. घेऊन पावणेदोन वर्षं झाली, २३,४०० किलोमीटर झाले, वॉरंटी चालू आहे. मागच्या आठवड्यात ब्रेक पॅडचा दिवा लागला म्हणून गाडी पुण्याला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. मागचे पॅड संपले, दोन्ही डिस्कही बदलाव्या लागतील, हे चालवण्यामुळे होतं, वॉरंटीत बसत नाही, असं सांगून अंदाजपत्रक हातात दिलं. आकडा बघून गाडी तशीच परत आणली. त्यांच्या तपासणीच्या कागदावर मापं अशी आहेत: पुढचे चारही पॅड ८ मिलीमीटर. मागे डावीकडे आतला ५.५, बाहेरचा ६. मागे उजवीकडे आतला २, बाहेरचा ६. गाडी आमचे ड्रायव्हर मामा चालवतात. रोज जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी, दर मंगळवारी आईला घेऊन तुळजापूर, महिन्यातून दोनदा पुणे. घरात सगळे म्हणतात, मामा ब्रेकवर पाय ठेवूनच चालवतात, ड्रायव्हर बदला. नेमकं काय करावं?
— एक टॉवेल कारखानदार, सोलापूर

उत्तर:

आधी मामांना चहा पाजा. तुम्ही पाठवलेल्या कागदानेच त्यांची सुटका केली आहे, तो कागद नीट वाचायचा मात्र राहून गेला.

ब्रेकचं पॅडल एकच असतं. ते दाबलं की मागच्या दोन्ही चाकांना ऑइलचा दाब सारखाच जातो. तुमच्या गाडीसारख्या गाड्यांत मागे सहसा एका पिस्टनचा, सरकणारा कॅलिपर (पॅडना डिस्कवर आवळणारा भाग) असतो. पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर दाबतो आणि त्याच जोराने कॅलिपर मागे सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. म्हणजे आतला आणि बाहेरचा पॅड जवळपास बरोबरीनेच झिजायला हवा. आतला अर्धा मिलीमीटर पुढे असला तर ते चालतं, तुमच्या डाव्या चाकाचं तसंच आहे. पाय सतत ब्रेकवर ठेवणारा ड्रायव्हर मागचे चारही पॅड खाईल. उजव्या मागच्या चाकाचा तेवढा आतला पॅड वेगळा दाबता येईल असा पाय अजून कोणाला फुटलेला नाही.

घसरण रोखणारी यंत्रणा कधीकधी एकाच चाकाला ब्रेक लावते, हे खरं. पण तीसुद्धा त्या चाकाचे दोन्ही पॅड दाबते. त्यामुळे तो मुद्दा इथे लागू होत नाही.

आता हिशेब करू. अशा गाडीच्या मागच्या नव्या पॅडवर साधारण १०.५ मिलीमीटर लायनिंग, म्हणजे झिजणारा थर, असतं आणि ३ मिलीमीटर उरलं की पॅड बदलायचा. डावीकडचा आतला पॅड २३,४०० किलोमीटरमध्ये ५ मिलीमीटर उतरला, म्हणजे मिलीमीटरला सुमारे ४,७०० किलोमीटर. या चालीने तो आणखी अकरा-बारा हजार गेला असता आणि एकूण ३५ हजारांच्या आसपास संपला असता. अडीच टनांच्या ऑटोमॅटिक गाडीला हे आयुष्य वाईट नाही. उजवीकडचा आतला मात्र ८.५ मिलीमीटर उतरला, मिलीमीटरला जेमतेम २,७५० किलोमीटर. रस्ता तोच, ड्रायव्हर तोच, पॅडल तेच. हा दोष यंत्राचा आहे.

पुढे जाण्याआधी वर्कशॉपला एक विचारून घ्या: ही मापं फक्त लायनिंगची आहेत की मागच्या पोलादी पाटीसकट? पाटीच ५-६ मिलीमीटर जाड असते. पाटीसकट मोजलं असेल तर ‘२’ हा आकडा येऊच शकत नाही, त्यामुळे बहुधा लायनिंगचंच माप आहे. तरी लेखी विचारा.

कागदावर आणखी एक गोष्ट आहे, ती वर्कशॉपच्याही लक्षात आलेली दिसत नाही. आतला पॅड जास्त झिजला की बरेच मेकॅनिक ‘गाईड पिना जाम’ म्हणून मोकळे होतात. पिना जाम असत्या तर कॅलिपर सरकला नसता, बाहेरच्या पॅडला काम कमी पडलं असतं आणि तो ७-८ मिलीमीटर उरला असता. तुमचा बाहेरचा ६ आहे, अगदी डावीकडच्याइतकाच. म्हणजे कॅलिपर सरकतोय, ब्रेक लागतोय बरोबर. पाय काढल्यावर आतला पॅड डिस्क सोडत नाही, ती अडचण आहे. गॅरेजच्या भाषेत, आतून ब्रेक धरतोय.

का धरत असेल? आमचा पहिला संशय पॅडच्या कानांवर. पॅडची दोन्ही टोकं कॅलिपरच्या ब्रॅकेटमध्ये बसवलेल्या स्टीलच्या पट्ट्यांवर पुढेमागे सरकतात. पट्टीखाली गंज फुगला किंवा माती बसली की जागा आवळते आणि पॅड आत गेला की तिथेच अडकतो. सोलापूरच्या काळ्या मातीचा चिखल वाळला की काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्यात ब्रेकची भुकटी मिसळली की जवळजवळ सिमेंटच. दुसरा संशय पिस्टनवर. पिस्टन मागे नेण्याचं काम त्याच्याभोवतीची चौकोनी छेदाची रबरी रिंग करते. ब्रेक दाबला की ती किंचित पिळते, सोडला की पूर्ववत होते आणि पिस्टनला मिलीमीटरच्या एखाद्या दशांशाएवढं मागे ओढते. खेळ एवढ्याशा अंतराचा आहे. पिस्टनवरचं रबरी बूट फाटून आत पाणी-धूळ गेली तर तेवढंही मागे येणं होत नाही. तिसरा संशय हँडब्रेकच्या मोटरीवर. तुमच्या गाडीत हँडब्रेक बटणाचा असेल तर मागच्या कॅलिपरवर एक छोटी मोटर असते आणि ती स्क्रूने पिस्टन पुढे ढकलते. सुटताना स्क्रू पूर्ण मागे आला नाही तर पिस्टन अर्धवट अडून राहतो. ब्रेकचा रबरी पाइप आतून बंद झाला की दाब अडकतो, पण मग दोन्ही पॅड झिजतात, म्हणून तो संशय सर्वात खाली.

पुण्याला कळवण्याआधी सोलापुरातच एक चाचणी होऊ शकते आणि तिला पाना लावावा लागत नाही. दुरून तापमान मोजायची इन्फ्रारेड बंदूक मिळवा. कारखान्यात बॉयलर किंवा मोटरींचं तापमान बघायला बहुतेक असतेच. सकाळी लवकर, गर्दी नसताना, केगाव-हत्तूर बाह्यवळणावर १५-२० मिनिटं चालवा, ब्रेक शक्य तितका कमी वापरा, शेवटी वेग आपोआप उतरू देऊन हलकेच थांबा. लगेच मागच्या दोन्ही डिस्कचं माप घ्या. डिस्कच्या चकचकीत भागावर बंदूक खोटं, म्हणजे खरं त्यापेक्षा कमी दाखवते. त्यामुळे मधल्या, गंजट रंगाच्या टोपीवर, दोन्हीकडे नेमक्या एकाच जागी नेम धरा. डाव्या-उजव्यात ५-१० अंशांचा फरक काही सांगत नाही. उजवीकडे ३०-४० अंश जास्त निघाले तर ब्रेक धरतोय यात शंका नाही. तीन दिवस वेगवेगळ्या वेळी मोजा आणि स्क्रीनचे फोटो काढून ठेवा. मे महिन्यात डांबरच तापलेलं असतं, पण आपण डावं-उजवं ताडून बघतोय, म्हणून हवेची उष्णता आड येत नाही.

उजव्या चाकाजवळ जळका वास आला, रिमला हात लावता येईना, किंवा फरक शंभराकडे गेला तर गाडी पुण्यापर्यंत चालवत नेऊ नका. सपाट ट्रकवर घालून न्या. दोर बांधून किंवा दोन चाकं उचलून ही गाडी ओढायची नाही, फोर व्हील ड्राइव्ह ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स त्यात जातो. तसं काही नसेल तर २ मिलीमीटरवर महामार्गाने सावकाश पुण्याला जाता येईल. मंगळवारचं तुळजापूर मात्र तोवर दुसऱ्या गाडीने. रिकामा पॅड घेऊन घाट उतरायचा नाही.

नशीब एवढंच की दिवा लागला. झिजेचा सेन्सर अनेक गाड्यांत एका ॲक्सलला एकच असतो, एकाच चाकाच्या एकाच पॅडमध्ये खोचलेली वायर. तुमच्या गाडीत तो बहुधा उजवीकडेच आहे. हीच झीज डावीकडे झाली असती तर पाटी डिस्कला घासून किरकिर येईपर्यंत कळलं नसतं. एकदा घासलेला सेन्सर पुन्हा चालत नाही, नव्या पॅडबरोबर तोही नवा लागतो.

वॉरंटी चालू आहे, तोवर सोलापुरात कोणाला कॅलिपर उघडू देऊ नका. पुढे ‘बाहेर हात लावलाय’ हे कारण आयतं मिळतं. वर्कशॉपला मेल करा, फोनवर बोलू नका. मेलमध्ये त्यांचीच चार मापं लिहा, तापमानाचे फोटो जोडा आणि विचारा: एकाच चाकाच्या आतल्या पॅडची झीज बाहेरच्यापेक्षा जवळपास दुप्पट आहे, याचं कारण काय शोधलंत? पॅड झिजणारा भाग म्हणून वॉरंटीबाहेर असतो, ते बरोबर. पण कॅलिपर, पिस्टन, हँडब्रेकची मोटर हे झिजणारे भाग नाहीत. त्यात दोष निघाला तर तो भाग वॉरंटीत येतो आणि त्या दोषाने खाल्लेल्या पॅडचा खर्च मागायला तुमच्याकडे पुरावा राहतो. जुने पॅड आणि डिस्क परत मागून घ्या, कोणता पॅड कुठला ते मार्करने लिहून घ्या. टाळाटाळ झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. बहुतेक वेळा पहिल्या नेमक्या मेललाच सूर बदलतो.

वर्कशॉपमध्ये काय तपासून घ्यायचं ते नीट सांगतो. एअर सस्पेन्शन असेल तर गाडी उचलण्याआधी जॅक मोड लावायलाच हवा, नाहीतर गाडी स्वतःची उंची सावरू बघते. मग गिअर न्यूट्रल, हँडब्रेक मोकळा, मागची दोन्ही चाकं अधांतरी. दोन्ही चाकं हाताने फिरवून बघा. फोर व्हील ड्राइव्हमध्ये चाक मुळात जडच फिरतं, म्हणून एकट्या उजव्याचं मत घेऊ नका, डाव्याशी ताडा. उजवं जड लागलं तर कॅलिपरचं ब्लीड निपल (ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) थोडं सैल करायला सांगा. दोन थेंब ऑइल उडून चाक मोकळं झालं तर दाब अडकलेला होता, दोष पाइपकडे किंवा वर. निपल उघडूनही चाक धरलेलंच राहिलं तर दोष पिस्टन, पॅडची बैठक किंवा मोटर यांपैकी एकात. पाच मिनिटांच्या या चाचणीने निम्मा वाद मिटतो.

पुढची पायरी पॅड हाताने काढून बघायची. निरोगी पॅड ब्रॅकेटमधून बोटांनी निघतो. हातोडी लागली तर कारण तिथेच सापडलं. स्टीलच्या पट्ट्या काढून खालचा गंज तारेच्या ब्रशने खरवडायचा आणि पट्ट्या नव्याच बसवायच्या. नव्या पॅडबरोबर त्या येत नसतील तर वेगळ्या मागवा. गाईड पिनाही या निमित्ताने काढाव्यात. काही कॅलिपरमध्ये दोनपैकी एका पिनेच्या टोकाला रबर असतं, तिची जागा बदलायची नाही. पिनेला ग्रीस सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीच बनवलेलं, तेही पातळ हात फिरवल्याएवढं. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि चांगली पिन महिन्या-दोन महिन्यांत जाम होते. ग्रीस जास्त कोंबलं तर हवा अडून पिन आत जात नाही. पॅडच्या कानांना लागेल तेवढं, लायनिंगला एक बोटही नाही.

नवा पॅड जाड असल्याने पिस्टन मागे सारावा लागतो. मोटरवाल्या हँडब्रेकमध्ये आधी स्कॅनरने सर्व्हिस मोड लावून स्क्रू मागे न्यायचा, मगच पिस्टन. शिकंजा लावून जबरदस्ती केली तर मोटरीचे गिअर तुटतात, आणि हे काम ‘आम्ही करतो साहेब’ म्हणणाऱ्या गॅरेजात सर्रास होतं. पिस्टन मागे जाताना ऑइल वर टाकीत परत येतं. मधल्या काळात कोणी ‘ऑइल कमी झालंय’ म्हणून टाकी भरली असेल तर ते ओसंडून रंगावर सांडेल, आणि ब्रेक ऑइल रंग खातं. पॅड झिजले की टाकीतली पातळी खाली जाणं नैसर्गिक आहे. मिनिममच्या वर आहे तोवर भरायचं नाही.

ब्रेक ऑइल दर २ वर्षांनी बदलतात, तुमची वेळ आलीच आहे. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं असेल तर ही मर्यादा १५५ पर्यंत घसरते. घाटात ऑइल उकळून बुडबुडे झाले की पॅडल मऊ पडतं. गाडीच्या पुस्तकात डॉट ४ चा जो वर्ग लिहिला असेल तोच, सीलबंद डब्यातला.

डिस्कचं काय? प्रत्येक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. ‘बदला’ म्हणणाऱ्याला मायक्रोमीटरने तीन-चार जागी मोजून आकडा लिहून द्यायला सांगा. किमानच्या चांगली वर असेल, तडे नसतील, बोटाने जाणवणाऱ्या खोल चरा नसतील तर डिस्क राहू दे. उजव्या डिस्कची आतली बाजू नीट बघायला लावा. तिथे निळसर डाग असतील तर ती तापून गेलेली आहे, ती बदलणं योग्य, आणि एक बदलली की जोडीची दुसरीही. पॅडही मागचे चारही एकदम. फक्त उजवीकडचे बदलून घेऊ नका. पुढचे ८ मिलीमीटरवर आहेत, त्यांना हात लावायचं कारण नाही. पुढे कधी दुसऱ्या कंपनीचे पॅड घेतले तर आर ९० ची (बदली ब्रेक पॅडच्या मानकाची) खूण आणि पक्कं बिल बघून घ्या.

पुढचे ८ आणि मागचे ६, मग मागचे आधी कसे? जुन्या गाड्यांत पुढचे आधी जायचे, म्हणून हा प्रश्न सगळेच विचारतात. आताच्या भारी एसयूव्हींत हलक्या ब्रेकला मागच्या चाकांचा वाटा मोठा ठेवलेला असतो, नाक खाली जाऊ नये म्हणून. समोरच्या गाडीचं अंतर राखणारा क्रूझ, वळणावर गाडी सावरणारी यंत्रणा, पावसात डिस्क पुसणारी यंत्रणा, सगळ्यांचे हात मागच्या पॅडपर्यंत पोहोचतात. थांबल्यावर गाडी धरून ठेवणाऱ्या ऑटो होल्डला मात्र उगाच दोष देतात. डिस्क फिरत नसताना पॅड झिजत नाही.

मामा निर्दोष असले तरी ३५ हजारांचे ४५ हजार करणं त्यांच्या हातात आहे. २,४०० किलोची गाडी १०० च्या वेगातून थांबवायला ब्रेकला सुमारे ९.२५ लाख जूल उष्णता गिळावी लागते. ८० मधून थांबवायला ५.९ लाख. वेग पाचव्या हिश्शाने कमी, काम मात्र एक तृतीयांशाहून जास्त घटतं. स्पीडब्रेकरच्या आधी शंभर पावलांवर पाय उचलला तर पॅडला हातच लागत नाही. तुळजापूर घाट उतरताना हा हिशेब आणखी मोठा होतो. दर १०० मीटर उतारामागे २३.५ लाख जूल, म्हणजे १०० च्या वेगातून अडीच वेळा थांबण्याइतकं. तेवढं इंजिनाला करू द्या: उताराला लागण्याआधीच मॅन्युअल मोड, तिसरा किंवा चौथा गिअर, आणि ब्रेक लावायचाच तर थोडा जोरात, थोडा वेळ, मग पूर्ण सोडून. अख्खा घाट हलका पाय ठेवून उतरणं सर्वात वाईट. इको मोडही घाटात बंद ठेवा. अनेक गाड्यांत त्या मोडमध्ये पाय उचलला की इंजिन सुटं होतं, गाडी न्यूट्रलसारखी धावते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पुणे रस्त्यावर क्रूझचं अंतर सर्वात लांब ठेवा. टेंभुर्णी-मोहोळकडे उसाच्या ट्रॉल्यांचा हंगाम असेल तेव्हा क्रूझ लावूच नका.

आणखी एक सवय तपासा. तुळजापूरहून आल्या आल्या गाडी धुतली जाते का? तापलेल्या डिस्कवर गार पाण्याचा मारा नको, अर्धा तास निवू द्या. प्रेशरचा झोत चाकाच्या आत, रबरी बुटांवर धरू नका. धुऊन झाल्यावर आवारातच एक फेरी मारून दोन-तीन वेळा हलका ब्रेक लावा, डिस्क कोरडी होते. ओली गाडी तशीच आठवडाभर उभी राहिली तर पॅडच्या बैठकीत गंज धरायला सुरुवात होते.

नवे पॅड बसल्यावर वर्कशॉपमधून थेट पुण्याच्या गर्दीत न शिरता ते बसवून घ्या. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत मध्यम दाबाने, १० ते १२ वेळा, मध्ये अर्धा-एक मिनिट वारा लागू द्यायचा, पूर्ण थांबायचं नाही. शेवटी दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवा. तापलेल्या अवस्थेत ब्रेक दाबून उभं राहिलं तर लायनिंगचा ठसा डिस्कवर उमटतो आणि पुढे पॅडल थरथरतं. पहिले ३०० किलोमीटर जोरात ब्रेक टाळा.

५,००० किलोमीटरला मागचे चारही पॅड पुन्हा मोजून घ्या. साधारण १ मिलीमीटर उतरलेलं दिसेल. उजवीकडच्या आतल्या आणि बाहेरच्या पॅडमध्ये तेव्हाच अर्ध्या मिलीमीटरहून जास्त फरक निघाला तर दोष अजून तिथेच आहे. मग वर्कशॉपने उजवा कॅलिपर उतरवून उघडायचा, पॅडला हात लावायचा नाही.